म्हशीने न चढलेल्या पायऱ्या

उतारावर माणूस सरळ चालत नाही. हे स्वतःच्या पायांवर तपासून बघा. चढ लागला की पाय आपोआप तिरके पडतात, रस्त्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. उतार लागला की माणूस भिंत, कठडा, सोबत्याचा खांदा, असं काहीतरी हाताशी धरतो आणि ते त्याला कळतही नाही. मला हे कळायला नोकरीची पहिली काही वर्षं गेली. कळल्यावर मी रस्त्यातल्या माणसांचे चेहरे बघणंच सोडून दिलं. आजही लग्नकार्यात कुणी हाक मारली की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते. बायको म्हणते, "काहीतरी हरवल्यासारखं खाली बघून चालता." धंद्याची खोड, दुसरं काय.

माझं काम काय, हे सांगताना नेहमी माझी पंचाईत होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरातल्या एका ज्येष्ठ आर्किटेक्टच्या छोट्या ऑफिसात लागलो. इमारती सर बघायचे. इमारतींच्या मधली, बाहेरची, कुणाचीच नसलेली जागा माझ्या टेबलावर यायची. एखादा चौक, तळ्याकाठची वाट, देवळापुढचं पटांगण, बाजारातला चढ. तिथे माणसाला नीट चालता यावं, दोन घटका टेकता यावं, डोक्यावर सावली असावी, एवढंच बघायचं. लोक मला 'बागवाले साहेब' म्हणत. झाडं लावणारा माणूस, असा त्यांचा समज. खरं तर झाड हा या कामातला शेवटचा आणि सोपा भाग. अवघड असते ती जमीन.

जमीन मोजायला आमच्याकडे तिपाईवर बसवलेली एक दुर्बीण असते. एकाने दुर्बिणीत बघायचं, दुसऱ्याने आकडे रंगवलेली उंच पट्टी घेऊन लांब उभं राहायचं. पट्टीवरचा कुठला आकडा दिसतो त्यावरून ती जागा किती खाली किंवा वर आहे ते कळतं. असे शेकडो आकडे घेऊन ते नकाशावर मांडायचे. पण नकाशा म्हणजे घारीच्या डोळ्यांनी बघितलेली जमीन. घारीला चढ दिसत नाही, तिला सगळं सपाटच. त्यामुळे कागदावर सुरेख दिसणारी गोष्ट जमिनीवर गेल्यावर माणसाच्या पोटऱ्यांत गोळे आणू शकते. हे मी पुढे नव्या मुलांना शिकवायचो. शिकवण्याचा अधिकार मला कसा मिळाला, ते या लेखात सांगणार आहे.

चौकाचं नाव सांगत नाही. जुन्या पेठेतून नदीच्या अंगाला उतरणारा एक चौक, एवढं पुरे. चौक म्हणायचा, पण एखादी ताटली एका बाजूने उचलून धरावी तसा तिरका. वरच्या अंगाला चपलांची, कापडाची, भांड्यांची दुकानं. खालच्या अंगाला गवळ्यांच्या गल्ल्या. मध्ये सगळी खेचाखेच. दुचाक्या वाढल्या होत्या, त्या उतारावर आडव्या लावलेल्या असत. एक कलंडली की पुढच्या दहा कलंडायच्या. चालणाऱ्याला वाट उरली नव्हती. झाड म्हणाल तर एक पिंपळ, तोही एका दुकानाच्या गच्चीतून उगवलेला.

दोन हजार सालानंतर कधीतरी तो चौक चालणाऱ्यांसाठी नव्याने करायचं काम आमच्या ऑफिसात आलं. मला इतका आनंद झाला की मी आठवडाभर मोजायचं सोडून नुसता तिथे बसून राहिलो. पायांकडे बघत.

तिथेच मला वस्ताद भेटले. जुने पैलवान, कान चुरगळलेले, अंग अजून भक्कम. वरच्या अंगाने आले की चौकाच्या तोंडाशी थांबायचे, पाठ फिरवायचे आणि उलटे, पाठमोरे, एकेक पाऊल मागे टाकत सगळा उतार उतरायचे. पहिल्यांदा मला वाटलं, काही नवस असेल. मग राहवलं नाही, विचारलं.

"नवस कसला, पावणं," ते म्हणाले. "चढताना दम लागतोय, उतरताना गुडगं दुकत्यात. दम काय, दोन मिंटात म्हागारी येतोय. गुडगं येतंय व्हय?"

"पण उलटं का?"

"उलटं उतरलं की गुडग्याला वाटतंय चढच हाय. त्याला कुठं डोळं हायत?"

मी त्याच संध्याकाळी ऑफिसच्या मागच्या रॅम्पवर उलटा उतरून बघितलं. खरंच, गुडघ्यावर भार कमी येतो. तोवर मी प्रत्येक कामात चढणाऱ्याचा विचार करत आलो होतो. कठडे, बाकडी, सावली, सगळं चढाच्या हिशोबाने. उतार खरा त्रास देतो तो उतरताना, हे मला माहीतच नव्हतं. त्यानंतर मी बाकडी चढाच्या माथ्यावर ठेवायला लागलो, उतरण्याआधी टेकायला.

दुकानदारांना झाडं हवी होती. सगळ्यांना. फक्त स्वतःच्या दारात नको होती. चपलांचे व्यापारी मला चहा पाजून म्हणाले, "साहेब, सावली पायजेच की. उनात गिऱ्हाईक उभं ऱ्हात न्हाय. तेवडं भांडीवाल्याच्या म्होरं लावा, सावली हिकडं पडती." मी भांडीवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, "झाडावर पाखरं बसणार, पाखरं काय रिकामी बसत न्हाईत. माजी भांडी उगड्यावर. चपलावाल्याकडं लावा की, तेचं काय, कातडंच हाय." मी शेवटी बकुळ निवडली. हळू वाढते, दुकानाच्या पाटीपर्यंत पोचायला वर्षं घेते, तोवर दुकानदारांची पुढची पिढी आलेली असते. हा माझ्या धंद्यातला जुना डाव आहे आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

उतारावर झाड जगवणं ही वेगळी गंमत. पाणी घातलं की ते झाडापाशी थांबतच नाही, गल्लीत जातं. म्हणून खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा बांध घालून पाणी अडवावं लागतं. किंवा मग उतार मोडून पायऱ्यापायऱ्यांचे टप्पे करायचे, शेतातल्या ताली असतात तसे. मी टप्पे केले. तीन सपाट टप्पे, मध्ये ग्रॅनाइटच्या रुंद पायऱ्या, टप्प्यांवर बांधीव वाफे आणि बकुळी. एका कडेला चाकाच्या खुर्चीसाठी वळण घेत चढणारा रॅम्प, त्याला कठडा. सरांनी नकाशा बघितला आणि एकही रेघ न खोडता परत दिला. त्यांचं कौतुक करणं असंच असायचं.

मधल्या टप्प्यावर मी एक गोल आखला होता आणि त्यात लिहिलं होतं : दूध कट्टा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कोल्हापुरात काही चौकांत संध्याकाळी म्हशी येतात. गवळी म्हैस उभी करतो, गिऱ्हाईक ग्लास पुढे करतं, धार थेट ग्लासात पडते. वर फेस, आत कोमट दूध, तिथेच उभ्याने प्यायचं. तालमीतली पोरं, थकलेले पैलवान, दुकान बंद करून निघालेले व्यापारी, बाळंतिणीसाठी तांब्या घेऊन आलेली माणसं. मीही लहानपणी वडिलांचं बोट धरून गेलो होतो. त्यामुळे कट्टा मी विसरलो नाही. उलट त्याला चौकातली सगळ्यात चांगली जागा दिली. तीन बकुळींच्या मध्ये, नळ, बसायला दगडी ओटा.

त्या चौकात कट्टा चालवायची ती अक्का. वय माझ्याहून थोडं जास्त, लिंगायत गवळी, नवरा गेल्यापासून एकटीने धंदा सांभाळलेला. गिऱ्हाइकांशी मराठी बोलायची आणि म्हशींशी कानडी. दोन म्हशी होत्या. थोरली रत्नी, तिच्यावरच कट्टा चालायचा. दुसरी धाकटी, गर्दीत दूध द्यायला अजून नीट रुळली नव्हती. अक्काच्या हातात एक काठी असायची, पण ती रहदारीसाठी. स्कूटर म्हशीच्या जवळून गेली की ती स्कूटरवाल्यावर उगारायची. म्हशीला नुसतं "बा, बा" म्हणायची, म्हणजे ये, ये, आणि पुढे चालायची. रत्नी मागून यायची. अक्का मागे वळून बघायचीसुद्धा नाही.

मी नकाशा घेऊन तिला तिची जागा दाखवायला गेलो होतो. तिने गोल बघितला, बकुळी बघितल्या, खूश झाली. मग विचारलं, "साहेब, पर म्हशी वर कशा जायच्या?"

"पायऱ्यांनी," मी म्हणालो. "नदीच्या घाटावर उतरतात की रोज."

तिने थोडा विचार केला. "व्हय की. घाटावर जात्यातच."

"रुंद पायऱ्या आहेत, अक्का. उंचीही कमी ठेवलीय."

"तुमी मोजलंय म्हंजे आसंल," ती म्हणाली.

मी पायऱ्या मोजल्या होत्या. माणसाच्या पावलाने.

काम संपलं. फरशी लागली, दिवे लागले, पाटी लागली : 'केवळ पादचाऱ्यांसाठी'. पहिल्या संध्याकाळी मी वरच्या टप्प्यावर उभा होतो. गर्दी जमली होती, वस्ताद खालून चढून मधल्या बाकड्यावर टेकले होते. खालच्या गल्लीतून अक्का दोन्ही म्हशी घेऊन आली. रखवालीला ठेवलेला माणूस तिला अडवायला लागला, "म्हशी न्हाईत आत. पादचारी म्हंजे पायानं चालणारं."

वस्ताद बाकड्यावरूनच ओरडले, "मग म्हस काय फटफटीवर येती व्हय रं?"

लोक हसले. रखवालदारही हसला आणि बाजूला झाला. धाकटीला खालीच बांधून अक्का "बा, बा" करत पायऱ्या चढून वर आली. रत्नीने पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर ठेवले, मग दुसरीवर. आणि थांबली. मागचे पाय जमिनीवर, अंग तिरकं, मान खाली. तिने पायरीचा दगड हुंगला. अक्काने पुन्हा हाक मारली. रत्नी हलली नाही.

"अक्का, लिफ्ट बशीवा," कुणीतरी म्हणालं.

"बागवाल्या सायबास्नी म्हणावं, पाठीवर घ्या."

"रत्नाबाई, या की वर, तुमच्यासाठीच केलंय एवडं."

कोल्हापूरची थट्टा मोठ्या आवाजात असते, त्यात वाईट काही नसतं. पण अक्काच्या तोंडावरचा रंग उडालेला मला वरून दिसत होता. तिच्या जन्मात पहिल्यांदाच म्हैस तिचं ऐकेनाशी झाली होती, आणि तीही गिऱ्हाइकांसमोर. मी वरून म्हणालो, "चढेल, चढेल. जरा जोर करा, अक्का. एकदा चढली की सवय होईल."

अक्का खाली उतरली, रत्नीच्या मागे गेली आणि तिने काठी मारली. एकदा, मग परत. रत्नीने झेप घेतली. ग्रॅनाइटवर खूर सरकला, पुढचा गुडघा दगडावर आपटला, ती धडपडत उठली आणि चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मधल्या टप्प्यावर अक्काने तिला उभं केलं, कासेवर पाणी मारलं, बसली. धार आली नाही.

म्हैस पान्हा चोरते म्हणजे काय, हे गवळ्याघरी न वाढलेल्याला कळणं कठीण आहे. कास भरलेली असते. दूध आत असतं. म्हैस ते सोडत नाही. तिच्यावर कुणाचाही हुकूम चालत नाही. लोक ग्लास घेऊन थांबले, मग एकेक करून निघून गेले. अक्का सडांवर हात ठेवून बसून होती.

दुसऱ्या दिवशी तेच. रॅम्पच्या अरुंद वळणात म्हैस मावत नव्हती, म्हणून तिसऱ्या दिवशी अक्का लांबचा वळसा घालून वरच्या अंगाने म्हशी घेऊन आली, तिकडून फक्त दोन-चार पायऱ्या उतरायच्या होत्या. रत्नी कशीबशी आली, पण पान्हा सोडला नाही. घरी गोठ्यातही अर्धाच सोडायची. कट्टा रत्नीवर चालायचा, आणि रत्नी कट्ट्यावर दूध देत नव्हती. अक्काची गिऱ्हाइकं दोन गल्ल्या पलीकडच्या चौकात जायला लागली. एकदा सवय मोडलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे ती मला शांतपणे सांगायची. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही सगळे रत्नीचं कोडं सोडवायला लागलो. मी 'आम्ही' म्हणतो, कारण संध्याकाळी तिथे एक सभाच भरायची. वस्तादांचं म्हणणं, नवे दिवे पांढरे आहेत, जनावराला पिवळा उजेड लागतो. मी दोन दिवस दिवे बंद ठेवले. काही नाही. चपलांचे व्यापारी म्हणाले, बकुळीचा वास. बकुळीला अजून फूलही नव्हतं. अक्काच्या मते दृष्ट लागली होती, एवढी गर्दी कधी बघितली नव्हती तिने. मिरच्या-मीठ ओवाळून झालं. रेडकू आणून तोंडाशी उभं केलं, आंबोणाची, म्हणजे भिजवलेल्या पेंडीची, पाटी पुढे ठेवली. रत्नीने आंबोण खाल्लं आणि दूध दिलं नाही.

"खाऊन बी देत न्हाय," वस्ताद म्हणाले. "निवडून आलेल्या मानसागत."

माझं स्वतःचं म्हणणं दगडाचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला वाईट वाटत होतं तितकंच कुतूहलही वाटत होतं, याची मला आता लाज वाटते. तिचा धंदा बसत होता आणि मी पहाटे घाटावर जाऊन म्हशींचे खूर बघत होतो.

घाटावर मला जे दिसलं ते असं. म्हशी घाटाच्या पायऱ्यांनी उतरतात हे खरं, पण सरळ उतरत नाहीत. तिरक्या उतरतात, वस्ताद म्हणाले असते तसं, गुडघ्याला ती पायरी आहे हे कळू न देता. आणि घाटाची पायरी एवढी रुंद की म्हैस चारही पायांनी एका पायरीवर मावते, दम खाते, मग पुढची. दगड शेकडो वर्षं घासलेला पण गुळगुळीत नाही, बारीक दाण्याचा, खुराला धरून ठेवणारा. माझ्या पायरीवर म्हशीचे पुढचे पाय मावत होते, मागचे नाहीत. पुढचा पाय जिथून उचलला तिथेच ती मागचा पाय टाकते, आणि तिथे तिला पायरीची धार लागत होती. एकीकडे मान वर, दुसरीकडे भरलेली कास खाली, आणि खुराखाली आरसा. मला वाटलं, सापडलं.

मी सरांना सगळं सांगितलं. नकाशात म्हशीचं चित्रही काढून दाखवलं, पायांची मापं घालून. सर म्हणाले, "म्हणजे आपण बांधलेलं फोडायचं? म्हशीसाठी?"

"कडेचा एक पट्टा, सर. पायऱ्या काढून जुना उतार परत द्यायचा. टाकी लावलेला दगड, गुळगुळीत नको."

सरांनी नकाशावरच्या म्हशीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नकाशावर म्हशीची वाट असं लिहू नका. हसतील." मी 'सेवा मार्ग' असं लिहिलं. आजही त्या कागदावर तेच आहे.

पण बांधलेलं फोडायला बांधण्यापेक्षा जास्त परवानग्या लागतात. महिने गेले. त्या महिन्यांत अक्काने रत्नी विकली. कोडोलीच्या एका शेतकऱ्याने घेतली. मला कळलं तेव्हा ती गेली होती. वस्ताद म्हणाले, "गाडीत चढताना काय केलं न्हाय तिनं. फळी टाकली, चढली. अक्का आत गल्लीत गेलती, बाहेर आलीच न्हाय."

मग उतार झाला. एक बकुळ काढावी लागली, ती दुसरीकडे लावली, ती काही जगली नाही. पाथरवटांनी दगडाला टाकी लावून तो खरबरीत केला. अक्काने नवी म्हैस घेतली होती, चंद्री. चंद्री पहिल्याच दिवशी त्या उतारावरून सावकाश, तिरकी चढत वर आली, बकुळीखाली उभी राहिली आणि पान्हा सोडला. जुनी गिऱ्हाइकं थोडी परतली, थोडी नवी झाली. म्हाताऱ्या बायका पायऱ्या सोडून त्याच उतारावरून चालू लागल्या. बाबागाड्या, हातगाड्या, वस्ताद पाठमोरे, सगळे तिथूनच. कुठल्याशा कॉलेजची मुलं तो चौक बघायला आली, तेव्हा मी त्यांना खुरांची गोष्ट सांगितली. मुलांनी लिहून घेतलं. चूक झाली, शोध घेतला, चूक दुरुस्त केली. असा तो धडा छान बसत होता.

त्याच्या पुढच्या वर्षी पन्हाळ्याच्या बाजूला एक काम होतं. परत येताना कोडोलीत थांबलो. का थांबलो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. रत्नीला बघावं, एवढंच वाटलं होतं. विचारत विचारत घर सापडलं. घरधनी उसाला गेले होते. त्यांची बायको धार काढायच्या तयारीत होती.

"रत्नी व्हय? ती बगा," तिने बोट दाखवलं. "तुमी कोल्लापुरास्नं आलाय? अक्कांचं पावणं?"

मी हो म्हणालो. तेवढ्यात रत्नी परसातून आली. गोठ्याच्या दाराला दोन उंच पायऱ्या होत्या, घडवलेल्या नव्हेत, नुसते दगड टाकलेले. रत्नीने पुढचे पाय टाकले, मागचे उचलले, आत गेली. आत कोबा केलेला होता, आमच्या ग्रॅनाइटइतकाच गुळगुळीत, वर पाणी मारलेलं. डोक्यावर पांढरी ट्यूबलाइट. शेजारच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू होता. बाई बसली, कासेला हात लावला आणि चरवीत धार वाजायला लागली.

मी विचारलं, "पान्हा चोरते का कधी?"

"ही?" बाई हसली. "छ्या. लई गुनाची हाय. आमची पोरं हिच्या पोटाखालनं जात्यात. बसा की, च्या घेनार का दूद?"

मी दूध प्यालो. परत येताना गाडीत मला माझ्या घाटावरच्या सगळ्या पहाटा आठवत होत्या. पायरी, तिची कड, दगडाचा दाणा, उजेड. त्यातलं काहीच कारण नव्हतं. मग काय होतं, हे मला कळत नव्हतं. आणि ज्याअर्थी मला कळलं नव्हतं, त्याअर्थी अक्काला जे सांगत आलो ते खोटं होतं. तिला मी कितीदा म्हणालो होतो, "अक्का, दगडाचा दोष. माझ्या दगडाचा." आता तिला खरं सांगितलंच पाहिजे, असं माझ्या मनाने घेतलं. माझा स्वभावच तसा आहे. पोटात काही राहत नाही, आणि ते बाहेर काढलं की मला हलकं वाटतं. ते कुणाच्या अंगावर पडतं, हे मी बघत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी चौकात गेलो. गर्दी अजून झाली नव्हती. अक्का चंद्रीला पाणी दाखवत होती. मी सगळं सांगितलं. पायऱ्या, कोबा, ट्यूबलाइट, पोरं पोटाखालून जातात ते, चरवी भरली ते.

अक्का ऐकत राहिली. "चांगली हाय न्हवं?" तिने विचारलं.

"छान आहे. अंग भरलंय."

"गुडगा?"

"बरा झालाय. वण आहे."

तिने मान हलवली. बादली खाली ठेवली. चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हंजे तिला दगूड नको न्हवता."

मला तिचं बोलणं कळायला थोडा वेळ लागला. तिला ते आधीच कळलं होतं.

"मी नको हुते तिला," ती म्हणाली.

"असं नाही, अक्का." मी घाईने म्हणालो. "पायऱ्या माझ्या होत्या. जोर करा म्हणून मीच ओरडलो. जनावराचं काय असतं, कुणाला कळलंय..."

"तम्मा," ती म्हणाली. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. त्याआधी कधी म्हणाली नव्हती. "पायऱ्या तुमच्या. काठी माजी हुती."

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण वस्ताद ग्लास घेऊन आले, त्यांच्या मागे तालमीतली दोघं आली, आणि ती धारेला बसली. दगडाचा दोष आहे असं समजून ती वर्षभर सुखाने झोपली असेल. मी ते काढून घेतलं, आणि खरं काय ते सांगा म्हणून माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. आता ती चढावरून येते तेव्हा चालता चालता सारखी मागे वळून बघते, म्हैस येते आहे की नाही ते.